विहिरीच्या आलेखातली कोरी जागा

आमच्या पाड्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. आईबाबा वेवजीच्या बाजूला भातशेती करायचे आणि उरलेल्या दिवसांत डहाणूच्या चिकूवाड्यांत मजुरीला जायचे. आज मी त्याच डहाणूत एका छोट्या संस्थेत कॉम्प्युटरसमोर बसते. तलासरी तालुक्यातल्या विहिरींचं पाणी वर्षभर कसं चढतं-उतरतं, त्याचे आलेख काढणं हे माझं काम. खाली विहिरीचा तळ, वर पाण्याची रेघ, मधली जागा निळी.

आमच्या पाड्याच्या विहिरीचं माप माझी काकी द्यायची. दोराचा भिजलेला भाग हाताने मोजून दर आठवड्याला फोनवर सांगायची, "लिही पोरी, चार हात." आणि लगेच, "जेवलीस ने?" पण होळी सरली, पाणी तळाला गेलं, की तिचा फोन बंद. आमच्याकडे विहिरीत पाणी 'नाही' असं तोंडाने म्हणत नाहीत. पोहरा रिकामा वर आला तर बाई काही न बोलता तो कठड्यावर पालथा ठेवते. मागून येणारी काय ते समजते आणि नदीची वाट धरते. त्यामुळे त्या आठवड्यांचे रकाने माझ्याकडे कोरेच राहायचे.

काकीला ती विहीर खोल करून हवी होती. ग्रामसभेत ती किती वर्षं हेच मागत होती. मी म्हटलं, या वेळी आलेखच लावू भिंतीवर. स्क्रीनवर तो छान दिसत होता, उन्हाळ्याच्या जागी निळ्यामध्ये पांढरा खंड. तलासरीच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा कागद छापून घेतला, गुंडाळला आणि तशीच सभेला धावले. उलगडून पाहिलासुद्धा नाही.

कागद भिंतीवर लागला. पुढे बसलेले एक भाऊ म्हणाले, "उन्हाळ्यात पण निळंच आहे की! काकी, तुमच्याकडे तर बारमाही पाणी!" सगळे हसले. मी पाहिलं तर खरंच, छापलेल्या कागदावर पांढरा खंड नव्हताच. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

"तुझ्या कागदानं मला खोटी पाडली," काकी घरी येताना एवढंच बोलली. मग माझ्या पानात भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. राग वेगळा, जेवण वेगळं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी शोधत बसले. आलेख काढायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. जगात कुणीही तो वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. कॉलेजपासून मी ते वापरत होते, पण वापरणारे आपण आणि बनवणारे कुणीतरी दुसरे, असंच डोक्यात बसलेलं. उघडून बघितलं तेव्हा कळलं, स्क्रीनवर चित्र काढणारा भाग वेगळा आणि छपाईची फाइल बनवणारा भाग वेगळा. दुसरा भाग कोरे रकाने आधी गाळून टाकायचा आणि मग उरलेले आकडे एकमेकांना जोडून रंग भरायचा. म्हणजे काकीचं गप्प बसणं तो ऐकतच नव्हता.

मी दुरुस्ती लिहिली आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना पाठवली. तहसील कचेरीत अर्ज करायची सवय, म्हणून वर 'रिस्पेक्टेड सर' घातलं. उत्तर आलं, "मी सर नाही, बाई आहे. नावाने हाक मारलीत तरी चालेल." पुढे त्या बाईंनी विचारलं होतं, "विहीर कोरडी असेल तर तुम्ही शून्य का लिहीत नाही? रंग आपोआप तळाला जाईल."

प्रश्न रास्त होता. मी काकीला फोन लावला.

"काकी, त्या आठवड्यांना शून्य लिहू?"

"कुणाला शून्य?"

"विहिरीला."

"तिचंच पाणी पिऊन शिकलीस ने? निजलेल्या माणसाला मेला म्हणशील?"

"अगं, नुसता आकडा आहे तो."

"आकडा तुझ्या हापिसात. इथं ती ऐकते."

"मग लिहू तरी काय?"

"काय नको लिहू. मी गप्प बसते, तशी तू पण गप्प बस. एवढं शिकून तुला गप्प बसता येत नाय?"

मी त्या बाईंना कळवलं की माप देणाऱ्या माणसाने जिथे काही सांगितलेलं नाही, तिथे चित्रानेही काही सांगू नये. त्यांना पटलं. मग त्यांनी नमुन्याचं एक छोटं चित्र मागितलं. माझ्या पहिल्या दुरुस्तीने खंड नीट आला, पण कडेची रेघ अर्धी पुसली गेली. पुन्हा केली. शेवटी ती घेतली गेली. आता त्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीही काही बदललं की माझं नमुन्याचं चित्र पुन्हा काढून ताडून पाहिलं जातं. दोन निळे उंचवटे, मध्ये कोरी जागा. आमच्या पाड्याची विहीर आहे ती.

पुढच्या सभेला कागद मी दुकानातच उलगडून पाहिला. तो भिंतीवर लागला, तर तेच भाऊ म्हणाले, "इथं शाई संपली काय?"

काकी मागच्या रांगेतून उठली. "शाई नाय संपली. तेवढे दिवस मी फोन केला नाय. का, ते सांगते." आणि तिने सांगितलं. पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे कुणी खणले, कुणाची सून पोटुशी असताना हंडा घेऊन नदीवरून वर चढली, कुणाच्या पोरी पाण्याच्या रांगेत बसून शाळेला मुकल्या. विहीर कोरडी पडते, असं एकदाही बोलली नाही. या वेळी कुणी हसलं नाही.

ग्रामसेवकांनी पेन उघडलं. "'विहीर आटते, सबब खोल करावी', असं लिहू ना काकी?"

"आटते नको," काकी म्हणाली. "विहिरीला आणखी पाणी ठेवायला जागा पाहिजे, असं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं, आणि मोठ्याने वाचून दाखवलं.