शेखरच्या फोटोचा हार

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला नवसाबाई विधातेचा फुलांचा मळा होता आणि रविवार कारंज्यावर हारांची टपरी. निम्म्या नाशिकचे नवरदेव तिचे हार घालून बोहल्यावर चढले असतील, देवांचं तर विचारूच नका. फक्त एका फोटोला तिनं कधी फूल वाहिलं नाही, आणि तो फोटो तिच्या पोटच्या मुलाचा होता. पुढच्या खोलीत लष्करी गणवेशातला शेखर भिंतीवरून हसत असायचा. रोज सकाळी ती काच पदरानं पुसायची आणि फुलांची पाटी उचलून त्याच्यासमोरून निघून जायची.

लोक म्हणत, म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. म्हणोत बापडे. म्हातारी सूड धरून बसली होती, आणि तो कुणावर, हे घरात फक्त सून सुवर्णाला ठाऊक होतं.

शेखर सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत गेला. तिथली शांतता राखायला आपली फौज पाठवली होती. जाफन्याच्या लढाईत तो पडला आणि घरी अस्थींचा कलश आला. मागे उरली सुवर्णा आणि तिचा पाच वर्षांचा ज्ञानेश. दहावं उरकलं आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक सावळीराम आहेर यांनी मळ्यातच मांडव घालून शोकसभा भरवली. माणूस बोलायला पटाईत. "मोठ्या देशाला दार लावून घरात बसता येत नाही," ते म्हणाले. "शेजारी भांडण पेटलं तर आपणच उठून जायला हवं. आपल्या शेखरनं हे जगाला दाखवून दिलं!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग सरांनी नवसाबाईच्याच मळ्यातल्या शेवंतीचा हार शेखरच्या फोटोला घातला आणि पेपरवाल्या फोटोग्राफरकडे तोंड करून जरा वेळ तसेच थांबले.

मांडव रिकामा झाल्यावर नवसाबाईनं तो हार एका हिसक्यात ओढून काढला. मुलाचं तोंड तिनं शेवटचं पाहिलं नव्हतं. कलशातली राख कुणाचीही असेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

"याचं उट्टं काढल्याबिगर या फोटूला फूल लागायचं नाय," ती सुवर्णाला म्हणाली. सुवर्णा त्या वेळी कोऱ्या कपाळानं कोपऱ्यात बसली होती.

नव्वद साली फौज माघारी आली, वारं फिरलं आणि आहेरसरही फिरले. दुसऱ्याच्या देशात नाक खुपसलं हीच घोडचूक झाली, साम्राज्याची हौस भल्याभल्यांना बुडवते, आपण आपलं घर सांभाळावं, असं ते गावोगाव सांगत हिंडू लागले. उदाहरण मात्र तेच, आमच्या नाशिकचा शेखर! सुवर्णानं पेपर वाचून दाखवला तेव्हा नवसाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"म्हंजी आधी माझं पोरगं देशासाठी मेलं, आन् आता चुकून मेलं?"

तेव्हापासून तिनं जगाशी काडीमोडच घेतला. मळ्याला काटेरी तार ठोकली. कुणाच्या भांडणात पडायचं नाही, कुणाला आपल्या भांडणात घ्यायचं नाही. शेजारच्या कुसाबाईला नवरा बडवायचा, ती तारेपलीकडून हाका मारायची. "दुसऱ्याच्या घरात आपुन कशाला?" म्हणून ही हातातला हार ओवत राहायची. एकदा कुसाबाईचा हातच मोडला. त्या रात्री नवसाबाईनं ताट तसंच झाकून ठेवलं, पण कबूल करील तर ती नवसाबाई कसली! आणखी एक गोष्ट तिनं कधी कबूल केली नाही. शेखर हौसेनं गेला होता. "आई, समुद्रापल्याडचा मुलूख बघाया मिळंल," म्हणत पिशवी खांद्याला टाकून हसत गेला होता. आठवण यायची आणि ती तिला माशीसारखी हाकलायची.

ज्ञानेश मोठा झाला आणि आजीनं आकांत केला तरी फौजेतच गेला. दोन हजार तीन साली अमेरिका इराकमध्ये घुसली, आणि उन्हाळ्यात बोलणं सुरू झालं की भारतानंही सैन्य पाठवावं. ज्ञानेशनं फोनवर सांगितलं, "आजी, आमच्या पलटणीचं नाव हाय म्हनत्यात." नवसाबाईनं फोन ठेवला आणि ती अंगणात जाऊन बसली. एक समुद्रानं नेला, आता दुसरा वाळवंट नेणार.

त्याच आठवड्यात आहेरसरांकडून निरोप आला. सरांची साठी होती. मोठ्या सभागृहात सत्कार, वर त्यांचं इराकवर व्याख्यान. वीरमाता म्हणून नवसाबाईंनी आपल्या हातानं सरांना हार घालावा, अशी सरांची फार इच्छा होती. असली बोलावणी ती दारातूनच परत पाठवायची. या वेळी लगेच हो म्हणाली. सुवर्णानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"आत्या, काय करनार हाय तुमी?"

"हार घालनार हाय. दुसरं काय येतं मला?"

हार तिनं स्वतः गुंफला. गुलाब आणि निशिगंध, मधे जरीचे गोंडे, चांगला दोन हात लांब. सुवर्णाला घेऊन ती सभागृहात पोचली तेव्हा सर बोलत होते. पहिल्या रांगेत त्यांची बायको वत्सलाबाई नवं पातळ नेसून बसली होती. व्यासपीठाच्या कडेला सरांचा मोठा फ्रेम केलेला फोटो उभा केला होता, शिष्यांनी दिलेली भेट. "भारताला जगाच्या पंगतीत मानाचा पाट हवा असेल तर घरात कोंडून चालणार नाही," सर म्हणत होते. "इराकमध्ये आपण गेलंच पाहिजे. आमच्या शेखरनं..."

आमच्या! आपण गेलंच पाहिजे म्हणणारा हा माणूस साठ वर्षांत कुठंच गेला नव्हता. घरात बसा म्हणताना टाळ्या, दुसऱ्याच्या घरात घुसा म्हणताना टाळ्या, आणि जाणारं पोर दर वेळी हिचंच.

नाव पुकारलं गेलं. नवसाबाई व्यासपीठावर चढली. सरांनी हसत मान पुढे केली. ती त्यांच्या पुढून तशीच गेली आणि तिनं हार सरांच्या फोटोला घातला. नीट, दोन्ही बाजू सारख्या करून. मग हात जोडले.

सभागृहात कुजबुज उठली. जित्या माणसाच्या फोटोला हार, तोही साठीच्या दिवशी! सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"का वं सर, टाळ्या नाय वाजल्या?" नवसाबाई माईकजवळ येऊन म्हणाली. "माझ्या पोराच्या येळेला तर लय वाजल्या हुत्या."

तिला हवं होतं ते तिच्या डोळ्यांनी पाहिलं. सर त्या फोटोपासून दोन पावलं मागे सरकले होते. सुख झालं तिला, खरंच झालं. पण तेवढ्यात वत्सलाबाई धावत वर आली. मुठीत मंगळसूत्र धरलेलं. तिनं हार एका हिसक्यात ओढून काढला आणि फोटोची काच पदरानं पुसली. नवसाबाई बघत होती. तो हिसका तिच्या ओळखीचा होता.

पावसाळ्यात सरकारनं सैन्य पाठवायचं नाही असं ठरवलं. ज्ञानेशचा फोन आला, "आजी, जात नाय आमी." पंधरा दिवसांत आहेरसरही नवं व्याख्यान द्यायला लागले, की हेच शहाणपण, आपण आपलं घर सांभाळावं. सुवर्णा पेपर वाचून दाखवत होती. नवसाबाईनं मधेच हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. त्या सराला काय बी झालं नाय. त्याच्या बायकूलाच लागलं."

सुवर्णानं पेपर ठेवला, पाटीतला शेवंतीचा हार उचलला आणि सासूपुढे धरला.

"आज नगं," नवसाबाई म्हणाली.

"कधी मग?" सुवर्णाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमच्या सुडापायी फोटूतला मानूस जित्ता, आन् मी येवढी वर्सं कोऱ्या कपाळाची. मी कुनाची विधवा हाय, आत्या? सांगा तरी."

नवसाबाईनं सुनेच्या कपाळाकडे पाहिलं. मग स्टूल ओढून वर चढली. आयुष्यभर हार घातलेले तिचे हात खिळा शोधताना चुकत होते. हार बसला, दोन्ही बाजू सारख्या झाल्या, आणि स्टुलावरून उतरायच्या आधीच तिनं हंबरडा फोडला. शेखर गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. आज तारेपलीकडून कुसाबाई धावत आली.