मोलेक्यूलवाल्या दीपाचा हात

बोरी अरबात दीपाला सगळे 'मोलेक्यूलवाली' म्हणत. नाव तिनंच ओढवून घेतलं होतं. दारव्ह्याच्या कॉलेजात बीएस्सीला रसायनशास्त्र शिकायचं आणि घरी येऊन तेच यमकं जुळवून रॅपमध्ये भडाभडा म्हणायचं, हा तिचा रोजचा कार्यक्रम. आवर्त सारणी झाली, पचनसंस्था झाली. पोरीला ताप तर नाही ना, असं शेजारणी विचारत. ताप नव्हता, छंद होता, आणि छंदावर अजून गोळी निघालेली नाही.

मागे वाजवायला यंत्र नव्हतं, पण माणसं जिवंत होती. वडील उकंडा भीमगीतांच्या पार्टीतले ढोलकीवाले. बशीरचाचा लग्नाच्या बँडचे मास्तर. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून ते क्लॅरिनेट आणि ड्रमवाले दोन भाचे घेऊन हौसेनं येत. 'मोलेक्यूल पार्टी' उभी राहिली ती अशी.

ते २०१७ साल होतं. कापूस डोक्याच्या वर गेला होता आणि अळी काही हटत नव्हती, त्यामुळे फवारणीवर फवारणी चाललेली. उकंडा दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जाई. कापसाच्या उंच पऱ्हाटीत औषधाचा फवारा फिरून माणसाच्याच तोंडावर येई. आसपासच्या गावांतली माणसं चक्कर येऊन पडत होती, दवाखान्यात भरती होत होती. दीपानं मास्क आणि हातमोजे आणून खुंटीला टांगले. ते तिथंच टांगलेले राहिले.

"तोंड बांधून दम घुटते वं," उकंडा म्हणे. "इतके वर्स काही झालं काय मले?"

सांगून सांगून जीभ झिजली, तेव्हा दीपानं फवारणीच्या विषावर गाणं रचलं. बापाला गाण्यातून तरी कळेल, असा तिचा हिशेब. आठवडाभर तालीम झाली. मग तिनं हळूच विचारलं, "बाबा, गानं कसं वाटलं?"

"झ्याक हाय. पन लय पयते, ठेका आवरत नाई."

दीपाच्या ध्यानात आलं. बापाला ताल पाठ झाला होता, शब्द एकही नाही. ढोलकीवाल्याचा कान ठेक्यावर. शब्दांचं गाणाऱ्यानं पाहावं, अशी त्यांच्यात रीतच होती.

अशोक विजयादशमीला विहारासमोर कार्यक्रम होता. तालमीत दीपाच्या एका हातात माइक असे, दुसऱ्यात शब्द लिहिलेला मोबाइल. आज सगळं पाठ होतं, त्यामुळे एक हात मोकळा राहिला. गाणं रंगलं, पोरं शिट्ट्या मारू लागली, आणि मोबाइलवर पाहिलेल्या रॅपवाल्यांसारखा दीपाचा हात झोकात वर गेला.

बँड जागच्या जागी बंद पडला.

"काहून थांबले?" दीपानं मागे वळून विचारलं.

"बेटा, तूच तर हात वर केला," बशीरचाचा गोंधळून म्हणाले. "वरात मांडवात पोचली की मास्तर हात वर करते. मंग फुंकाचं नाई."

लग्नाच्या बँडचा हा नियम दीपाला ठाऊक नव्हता, आणि तिचे मोकळे हात बँडनं कधी पाहिले नव्हते. लोक हसले. तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. समोर बाप बसला होता, हात ढोलकीवर नुसते ठेवून. तिनं वाद्यांशिवायच, त्याच्याकडे बघत, सावकाश म्हटलं:

"नस धाडते सांगावा, उचल बोट, उचल हात,
काम झालं की एन्झाइम पुसते सांगाव्याची बात.
दवाई शिरे कातड्यातून, एन्झाइमले धरते,
सांगावा मंग पुसतच नाई, नस वरडत मरते."

विहारासमोर कोणी हसलं नाही. उकंडानं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग खाली मान घालून ठेका धरला, आणि गाणं पुढे निघालं.

सकाळी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला. खुंटीवरचा मास्क काढून म्हणाला, "हे कोनत्या बाजूनं घालतेत वं?"

दीपानं तो बांधून दिला.

"वाजवतानी मले शब्द आयकू येत नाई, बाई," मास्कमागून तो पुटपुटला आणि चालू लागला.

दीपानं हात वर केला. उकंडा जागीच थांबला.

"हातमोजे," ती म्हणाली.