झाकणाआडचा मासा

घड्याळजींचा एक शिरस्ता होता. घड्याळ दुरुस्त झालं की मागच्या झाकणाच्या आत सुईने नखाएवढा मासा कोरायचा, खाली तारीख. पुढे कोणी ते उघडलं तर त्याला कळावं, आधी कोणाचा हात लागलाय. मासा कोरताना भिंग डोळ्यावरून उतरवलेलं असे. पस्तीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चाले. माणूस कामाचा चोख, आणि तिरसट तर विचारूच नका.

एके दुपारी परत आलेलं एक घड्याळ उघडलं आणि ते चरकले. आत मासा होता, मागच्या वर्षीची तारीख होती, पण मासा त्यांचा नव्हता. शेपटी तुटलेली, पाठ थरथरलेली. दुसरं उघडलं. त्यातही तसलाच.

"माझ्या खुर्चीत कोणीतरी बसतंय," ते थोरल्या बहिणीला म्हणाले. दुकानामागच्या दोन खोल्यांत ही दोघंच राहायची.

"बसू दे की! तेवढंच काम उरकेल," ताई म्हणाली.

त्यांनी कुलूप बदललं. मग नव्या कुलपानंतरच्या तारखेचाही परका मासा निघाला. भरीस भर म्हणून अंगात काहीतरी भलतंच सुरू झालं. खिशात बोटं घातली तर किल्ली कोणती आणि नाणं कोणतं, बघितल्याशिवाय कळेना. शर्टाची बटणं लागेनात. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की कोणी मागून ढकलल्यासारखा तोल जाई. टेबलावर वाकलं की मानेतून पाठीत वीज सळकन उतरे. एकदा त्यांनी दचकून मागे पाहिलं. भिंतीवरची घड्याळं तेवढी टिकटिकत होती. भीती वाटली, चांगलीच वाटली. पण सांगणार कोणाला?

शेवटी ताईनेच दुकानातली अकरा घड्याळं उघडायला लावली. अकरावं तिचं स्वतःचं. झाकणं तारखेप्रमाणे ओळीने मांडली आणि भिंग लावून बसली. जन्मभर शाळेत पोरांची अक्षरं तपासलेली बाई ती. पहिला मासा सुबक. चौथ्याची शेपटी जरा ढिली. सातवा वाकडा. अकरावा मासा म्हणून ओळखूच येईना.

"चोरबीर कोणी नाही रे," ती हळूच म्हणाली. "हा सगळा एकच हात आहे. तुझा."

घड्याळजींनी उजवा हात टेबलाखाली लपवला.

ताई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो दाखवला. मणके झिजलेले, वाढलेलं हाड आतल्या मज्जारज्जूवर दाबून बसलेलं. ऑपरेशन करून जागा मोकळी करता येईल, म्हणाल्या.

"मग हात पहिल्यासारखा होईल?"

"थोडा सुधारेलही, पण वचन नाही देणार. आहे ते आणखी जाऊ नये म्हणून करायचं. थांबलात तर पायही जातील."

"म्हणजे कापूनही वाकडा तो वाकडाच!" ते फणकारले.

घरी येऊन दोन दिवस हट्टाने टेबलाशीच बसले. तिसऱ्या दिवशी सपाट फरशीवर पाय अडखळून पडले, आणि पडल्या पडल्याच म्हणाले, "ताई, तारीख घे."

ऑपरेशनला सहा महिने झाले, तेव्हा मान वाकवायला लागू नये म्हणून उंच करून घेतलेल्या टेबलाशी ते बसले आणि ताईचं घड्याळ साफ केलं. तासाभराच्या कामाला अख्खा दिवस गेला. जुन्या माशाच्या खाली नवा कोरला आणि झाकण तिच्यापुढे सरकवलं. स्वतः बघायची छाती होईना.

ताईने भिंग लावलं. दोन्ही मासे न्याहाळले.

"वाकडा आहे," ती म्हणाली. "वरच्याइतकाच. केसभरही जास्त नाही."

घड्याळजींनी हात टेबलावर ठेवला, एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

"बसू दे मग त्याला खुर्चीत," ते म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले.