डी.एड. सोडून कॉम्प्युटर सिक्युरिटी

बारावीची परीक्षा संपली आणि मी राहुरीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये टायपिंगला जाऊ लागले. आमचं घर देवळाली प्रवराला, तिथून राहुरी जवळच. लग्नसराई होती. सेंटरमध्ये दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सकाळपासून पत्रिका करून घ्यायला आलेली माणसं. कोणत्या मामाचं नाव कोणाच्या वर टाकायचं यावरून तिथंच बसून भांडणं व्हायची आणि मी ती नावं वरखाली करत राहायचे. मला ते काम आवडत होतं.

मे महिन्यात एका गिऱ्हाइकानं मजकूर फ्लॉपीवर आणला. सेंटरच्या मालकांनी ती फ्लॉपी स्वतःच कॉम्प्युटरला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाईल उघडेना. त्यातल्या दोन पत्रिका त्याच दिवशी द्यायच्या होत्या. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "काल शेवटी तूच बसली हुतीस. काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं."

"मग काय उंदरांनी खाल्ल्या फायली?"

समोर गिऱ्हाइकं बसलेली. मला रडू आलं नाही, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुपारी नगरहून दुरुस्तीवाला आला. त्यानं आपल्याजवळची एक फ्लॉपी घातली, अर्धा तास पडद्याकडे बघत बसला आणि म्हणाला, व्हायरस आहे, बाहेरच्या फ्लॉपीतून आलाय. मालक उठून गिऱ्हाइकांना चहा सांगायला गेले. पत्रिका मात्र मलाच पुन्हा टाईप कराव्या लागल्या.

दुरुस्तीवाला निघाला तेव्हा मी विचारलं, "हा व्हायरस बनवतं कोण?"

"माणूसच. प्रोग्रॅम येणारा कुणीतरी."

"आणि तो अडवायचा कसा, ते कुठं शिकवतात?"

"त्याला कॉम्प्युटर सिक्युरिटी म्हणतात," तो बॅगेची चेन लावत म्हणाला. "कुठं शिकवतात ते नाही माहीत. मी आपला फ्लॉपी घालतो."

एवढंच. पण ते दोन शब्द डोक्यात बसले. आपण काही न करता आपल्यावर आळ येतो, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायची विद्या जगात कुठंतरी आहे, तर ती मला हवी होती.

आमचे आप्पा प्राथमिक शिक्षक. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मास्तरकी हीच त्यांना सगळ्यात भरवशाची वाट वाटायची. निकाल लागला, मार्क चांगले होते, त्यांनी माझ्याकडून डी.एड.चा फॉर्म भरून घेतला आणि यादीत माझं नाव आलं. तेव्हा डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे नोकरी लागल्यासारखंच. आप्पा पेढे घेऊन आले. मी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "मला डी.एड. करायचं नाही. कॉम्प्युटर सिक्युरिटी करायचीय."

"म्हणजे काय असतं?"

"कॉम्प्युटरमधली माहिती कुणी बिघडवू नये, चोरू नये, त्याचं शास्त्र."

आप्पा पेढ्यांचा पुडा बांधत म्हणाले, "खोलीला कुलूप लावलं की झालं. त्याला वेगळं शिकायचं कशाला?"

मी समजावायला गेले तर माझं मलाच पुरतं सांगता येईना. आई आतून म्हणाली, "लोकं नंबर लागावा म्हणून वर्षवर्ष थांबत्यात अन् हिचा लागलाय तर ही न्हाई म्हनती." चार दिवस घरात याच विषयावर बोलणं. शेवटी आप्पा म्हणाले, "चल नगरला. दाखव मला तुझा कोर्स."

आम्ही एसटीनं नगरच्या माळीवाडा स्टँडवर उतरलो. एका कॉलेजात बी.सी.एस. होतं, कॉम्प्युटरची तीन वर्षांची पदवी. खिडकीतल्या क्लार्कला मी विचारलं, यात कॉम्प्युटर सिक्युरिटी आहे का? त्यानं छापलेला कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "कॉम्प्युटर आहे, सिक्युरिटी नाही. फॉर्म देऊ का?"

मी नको म्हणाले. ही माझी चूक, आणि ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. मला वाटलं, ज्याच्या यादीत नावच नाही ते घेऊन काय करायचं?

त्याच दिवशी नगरातच सावेडीकडे एका खाजगी संगणक संस्थेची पाटी दिसली. आत गार हवा, काचेचं दार. टेबलामागच्या मॅडमनी गुळगुळीत माहितीपत्रक पुढे केलं आणि त्यात खरंच छापलेलं होतं, कॉम्प्युटर सिक्युरिटी. मी बोट ठेवून आप्पांना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "आहे ना, शेवटच्या टप्प्यात घेतो. त्याला आता खूप मागणी आहे." आप्पांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. डी.एड.ची जागा आम्ही सोडली.

सहा महिने मी देवळालीहून नगरला जाऊन येऊन केलं. चपला बाहेर काढून आत जायचं, एका कॉम्प्युटरवर तिघींनी बसायचं. टायपिंग मला येतच होतं. हिशेबाचे तक्ते, पत्र कसं लिहायचं, सगळं झालं. मी शेवटच्या टप्प्याची वाट बघत होते. तो आला आणि एका तासात संपला. सरांनी फळ्यावर लिहिलं: कॉम्प्युटर वापरून झाल्यावर झाकण घालावे. धुळीपासून जपावे. पासवर्ड कुणास सांगू नये. बाहेरची फ्लॉपी लावू नये.

मी हात वर केला. "पण व्हायरस फाईलमध्ये शिरतो कसा?"

"फ्लॉपी लावलीच नाही तर शिरणार कसा?" वर्ग हसला.

तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेले. ते माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. आवाज खाली करून म्हणाले, "हे बघा, मी बी.कॉम. आहे. मला पुस्तकात दिलंय तेवढंच येतं. तुम्ही उगाच वर्गात विचारू नका."

मला त्यांच्यावर धड रागवताही येईना. स्टँडवर गाडीची वाट बघताना ते माहितीपत्रक मी एवढं चुरगाळलं की हाताला शाई लागली.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता आप्पा बोलतील. पण दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते माझ्याबरोबर संस्थेत आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, लिहिलंय ते शिकवलंय. किती शिकवणार ते कुठं लिहिलंय?" वर्गात आवाज न चढवता चाळीस पोरं गप्प बसवणारा माणूस, तिथं नुसता टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या क्लार्ककडं फॉर्म कधी मिळतो, विचारून येऊ."

फॉर्म जूनमध्येच मिळणार होता. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी बी.सी.एस.ला गेले, माझ्याहून लहान मुलामुलींच्या वर्गात. तिसऱ्या वर्षाच्या एका जाडजूड पुस्तकात, अगदी शेवटचं प्रकरण सुरक्षेवर होतं. वाट बघून बघून तिथपर्यंत पोचलो तर प्राध्यापक म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. सोडून द्या."

"सर, मला तेच शिकायचंय."

"मग वाच ना. उद्याचा तास तूच घे," ते वैतागून म्हणाले आणि डस्टर टेबलावर ठेवून निघून गेले.

मी खरंच घेतला. रात्रभर जागून नव्हे; ते प्रकरण मी आधीच शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं होतं, निम्मं कळलं होतं. अर्धा वर्ग कँटीनला गेला. उरलेल्यांना मी कळलेलं निम्मं सांगितलं आणि न कळलेलं कुठं अडलं तेही सांगितलं. बोलता बोलता एक गाठ माझी मलाच सुटली, आणि मी मधेच थांबून ती वहीत लिहून घेतली. मुलं वाट बघत बसली.

पुढं पुण्यात नोकरी लागली ती साध्या प्रोग्रॅमिंगची. सिक्युरिटीचं काम हातात यायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि ते मी काम करत करतच शिकले. आता त्या विषयाच्या पदव्या निघाल्यात. भाचीनं परवा तसलंच एक माहितीपत्रक मला दाखवलं, कोणतं कॉलेज घेऊ म्हणून. मी तिला म्हटलं, आधी तिथं शिकवणाऱ्याला जाऊन भेट, आणि त्याला एक प्रश्न विचार. तिनं विचारलं, कोणता? मी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या जागेत लिहून दिलं: यातलं तुम्हाला काय कळलेलं नाही?