मावशीचा कप्तान

काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या मावशीइतक्या निष्ठेनं काळजी करणारं माणूस इंग्लंडमधल्या अख्ख्या कॉव्हेंट्री शहरात दुसरं नाही. आणि काळजी तरी कुणाची? इटलीतल्या एका फुटबॉलपटूची, ज्याला मावशी या जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. ती हाडांच्या वॉर्डात नर्स असताना एका म्हाताऱ्या इटालियन पेशंटनं तिला टीव्हीवर हा सतरा वर्षांचा बचावपटू दाखवला. पहिलाच सामना. "सिस्टर, हा आमच्या गल्लीतला," म्हातारा म्हणाला. म्हातारा बरा होऊन घरी गेला, पोरगा मात्र मावशीकडेच राहिला. त्याला कप्तान करायचं क्लबला सुचलं त्याच्या कितीतरी आधीपासून ती त्याला 'कप्तान' म्हणत होती.

त्याचं सगळं चरित्र तिला पाठ. वडील त्याच क्लबच्या मैदानाचं गवत कापायचे, हा दहाव्या वर्षी तिथं खेळायला लागला आणि पुढं दुसऱ्या कुठल्या क्लबचा शर्ट त्यानं कधी अंगात घातला नाही. पण पुढच्या वर्षी घालणार नाही कशावरून? दर उन्हाळ्यात स्पेनमधला कुठलासा बडा क्लब त्याला मागणी घालायचा आणि इकडे मावशीचं जेवण तुटायचं. "जाईल का रे?" असं ती मला दिवसातून चारदा विचारी. तिचा मुलगा मँचेस्टरहून फोनवर वैतागे, "आई, इट्स हिज करिअर! त्याचा नोकरी आहे, तू का टेन्शन घेते?" कप्तानाचा गुडघा गेला तेव्हा तर तिनं कोणते व्यायाम कधी करायचे ते आकृत्या काढून क्लबला चार पानी पत्र धाडलं. उत्तर आलं नाही, पण नऊ महिन्यांनी कप्तान मैदानात उतरला. "पत्र पोचलं," मावशी शांतपणे म्हणाली.

त्या पहिल्या सामन्यानंतर मात्र तिनं सामना कधीच लाइव्ह पाहिला नाही. छातीत धडधडतं म्हणून ती बागेत तण उपटत बसायची आणि मी आतून ओरडून स्कोअर सांगायचा. परवाच्या मे महिन्यात त्याचा शेवटचा सामना झाला तेव्हाही हीच व्यवस्था होती. चाळिशीच्या कप्तानाला नव्या मॅनेजरनं बाकावरच बसवलं होतं.

"उतरवलं का?"

"नाही गं."

"वॉर्मअप तरी करतोय का?"

"नाही."

"अरे, निरोपसुद्धा देणार नाहीत का त्याला?"

ब्याऐंशीव्या मिनिटाला त्याला उतरवलं. मी ओरडलो, आणि चपला दारात काढायला लावणारी मावशी चिखलाच्या बुटांसकट कार्पेटवरून धावत आली. कप्तानानं विशेष काही केलं नाही. एक चेंडू अडवला, एक बाहेर मारला. शिट्टी वाजली तसा तो मैदानाच्या कडेला गेला आणि खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून कितीतरी वेळ वाकून उभा राहिला.

"लंगडतोय रे," मावशी पुटपुटली. मग थोड्या वेळानं, "उद्यापासून काय करेल तो?"

"आराम करेल."

"जमत नाही रे ते," ती म्हणाली. तिला रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. स्टेडियम रिकामं झालं, जाहिराती लागल्या, तरी ती तशीच बसून होती आणि टीव्ही बंद करायला माझा हात उचलेना.