बाबांच्या बाजूची सीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. देवापुढे हात जोडतानाही मी या विषयाला वळसा घालून जाते. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

गोष्ट एका डागाची आहे. एवढंच? हो, सुरुवातीला एवढंच होतं.

आम्ही जबलपूरला अधारतालमध्ये राहतो. मी कॉलेजात शिकवते, विवेक, माझा नवरा, बँकेत आहे. आई गेल्यावर बाबा वर्ध्याहून आमच्याकडे आले. म्हणजे मीच हट्टानं आणलं. "लेकीच्या घरी कोणी कायमचं राह्यते काय?" असं म्हणत म्हणत आले. जावयाच्या घरात टीव्हीचा आवाजसुद्धा विचारून वाढवायचे. त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकच दिवस होता, रविवार. जवळच महाराजपूरला त्यांच्या नोकरीतले जुने मित्र होते, देशकर काका. मी बाबांना गाडीनं सोडायची, दोघं दुपारभर बुद्धिबळ खेळायचे, भांडायचे, आणि बाबा परत येताना अगदी तरुण दिसायचे.

गाडी विवेकची. क्रीम रंगाच्या लेदर सीटा. किती जपायचा तो त्यांना! उन्हात उभी केली की काचांना पडदे, चामडं तडकू नये म्हणून अधूनमधून मऊ फडक्यानं क्रीम चोळणं. आणि नियम एकच — गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही. तो नियम मोडणारी घरात मीच. आधी एकदा कॉफी सांडली होती, तेव्हा तो कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलला होता. मला त्याच्या रागाची भीती वाटत नाही, त्या तुटकपणाची वाटते. पण हे मी का सांगतेय? सबब म्हणून नाही. कुठलीच सबब पुरणार नाही.

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. सुरुवातीला लघवीवर ताबा राहायचा नाही, मग हळूहळू सगळं ठीक झालं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते काकांकडे गेले, तो रविवार. संध्याकाळी त्यांना आणायला जाताना मी वाटेत नारळपाणी घेतलं. ठेल्यावरच्या भैयानं बाटलीत भरून दिलं. थोडं पिऊन मी बाटली शेजारच्या सीटवर टाकली. झाकण नीट बसलं नव्हतं. काकांच्या गल्लीत वळले तेव्हा सीटवर तळं साचलं होतं.

ओढणीनं पुसलं. वरून कोरडं दिसायला लागलं. पण त्या सीटांना बारीक बारीक भोकं असतात, पाणी आत स्पंजात उतरतं — मला ठाऊक होतं. बाटली मी तिथल्याच कचऱ्यात टाकली. मग बाबांना हाक मारली.

ते त्याच सीटवर बसले. डाव जिंकले होते, वाटभर तेच सांगत होते. घरी पोचलो तर विवेक फाटकातच उभा. बाबा उतरले, आणि थबकले. हात मागे गेला. पायजमा ओला होता. त्यांनी वळून सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले समजलंच नाही गं," ते अगदी हळू म्हणाले. "काहून झालं असं?"

एक वाक्य लागत होतं. 'बाबा, ते नारळपाणी आहे.' तोंड उघडलंही होतं मी. विवेक जवळ येत होता. आणि मी म्हणाले —

"असू द्या बाबा. होतं असं कधी कधी."

विवेक चिडला नाही. त्याला बाबांचं वाईट वाटलं. "चलो बाबा, कपडे बदलून घ्या, मी बघतो," म्हणाला. ज्या रागासाठी मी गप्प बसले, तो आलाच नाही. मग तरी सांगायचं होतं ना? पण आता सांडल्यापेक्षा मोठं काहीतरी सांगावं लागणार होतं.

त्यानं सौम्य साबणाचा फेस केला. चामडं घासायचं नाही, टिपायचं. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग दारं उघडी टाकून सावलीत वाळवायचं. "वास तर काहीच नाही," तो म्हणाला. "लगेच पुसलं ना," मी म्हटलं. इतकं सहज! तेवढ्यात बाबा कपडे बदलून आले आणि त्याच्या हातातलं फडकं मागायला लागले. "मी पुसतो. माहं काम आहे ते." विवेक नको नको म्हणत राहिला, त्यांनी ऐकलं नाही. जावयासमोर दाराशी ओणवे होऊन ते सीट टिपत राहिले. शेजारी वाडगा धरून मी उभी होते.

पुढच्या रविवारी म्हणाले, गुडघे दुखून राहिले. त्याच्या पुढच्याही. देशकर काका फोन करून थकले. बाबा घरातही प्रत्येक खुर्चीवर प्लास्टिक आणि त्यावर टॉवेल घालून बसायला लागले. पाणी पिणं अगदी कमी केलं. त्यातून लघवीचा संसर्ग झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, पानी क्यों नहीं पीते?" बाबा खाली बघत राहिले. मी खिडकीतून बाहेर.

बरे झाल्यावर त्यांनी स्वतःच वर्ध्याला माझ्या भावाला फोन केला, मला घेऊन जा म्हणून. मी थांबवलं नाही. खरं सांगू? ते गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

ते वर्ध्यालाच वारले. शेवटच्या आठवड्यात मी तिथं होते. आवाज खोल गेला होता, पण शुद्ध लख्ख होती. एका दुपारी भाऊ औषध आणायला गेला आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"विवेकरावांची गाडी खराब केली मी," ते म्हणाले. "तुले त्यांच्यासमोर खाली पाहा लागलं. मनात नको ठेवू, बाई."

आणि त्यांनी हात जोडले. मला. आपल्या मुलीला.

मी ते हात धरले. म्हटलं, "जाऊ द्या बाबा. डाग केव्हाच निघाला."

मी त्यांना माफ केलं. त्यांनी डोळे मिटले, चेहरा सैल झाला. भाऊ यायला अजून बराच वेळ होता. मी तिथेच बसून होते, आणि बोलले नाही.