रझियाच्या उंबऱ्यावर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गटातल्या बायांना तर नाहीच नाही.

आधी दुसरंच सांगते. आमच्या बचत गटाचा हप्ता एकदाही चुकला नाही. याचा मला अभिमान होता, आजही आहे. का नसावा? किल्लारीकडं भूकंपात घर गेलं, पत्र्याच्या शेडमध्ये संसार केला, मग लातुरात येऊन क्लासच्या पोरांचे डबे सुरू केले. कर्ज घेतलं ते फेडलं. भाजीवाली, पापडवाली, शिलाईवाली रझिया, सगळ्यांना मीच गटात ओढून आणलं. दुसऱ्या गटातल्या बाया विचारायच्या, "तुमच्यात कुणाचंच कसं थकत न्हाई?" मी म्हणायची, "एकी हाय आमच्यात."

एकी होतीच. पण नुसत्या एकीनं हप्ते येतात का? हप्ता येतो लाजेपोटी — चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून. हे मला पक्कं ठाऊक होतं.

रझिया पलीकडच्या गल्लीतली. होस्टेलांना गाद्यांच्या खोळी शिवून द्यायची. नवऱ्याच्या रिक्षाला अपघात झाला, त्याचा पाय मोडला, आणि तिचा हप्ता अडला. नियम असा, की एका बाईचं थकलं तर सगळ्यांचं पुढचं कर्ज बंद. मला तर मोठं कर्ज हवं होतं, खानावळीचा हॉल बांधायला. तिचा हप्ता मी भरू शकले असते. गल्ल्यात पैसे होते — नाही भरला.

बायांना घेऊन मी तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. आत तिच्या मुलीला, नसीमला, बघायला उदगीरची माणसं आलेली. बाया चपापल्या. "अगं बाई, पाव्हणे हायत. उठा," पापडवाली म्हणाली. मी म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक होतं? आता आलोय तर बसू."

ठाऊक होतं. आदल्या दिवशी रझिया माझ्याकडं कपबशा मागायला आली होती, पाहुणे कधी येणार तेही आनंदानं सांगून गेली होती. म्हणून तर मी ती वेळ धरली.

रझिया दारात आली. आमच्याकडं पाहिलं. मग आत वळून पाहुण्यांना म्हणाली, "ह्या माझ्या बहिणी. पोरगा बघायला आल्यात." सगळ्यांना चहा दिला. मी तो प्यालेही. नंतर मला स्वयंपाकघरात बोलावलं, कानातली फुलं काढून माझ्या मुठीत दाबली. "सुमनताई, हे मोडा अन् हप्ता भरा. आता हसत बाहेर जा."

मी हसत बाहेर गेले.

हप्ता भरला. कर्ज मिळालं, हॉल झाला. नसीमचं लग्न उदगीरलाच झालं. गटातल्या झाडून सगळ्या बायांना बोलावणं होतं, मला नव्हतं. रझियानं राहिलेलं कर्ज पै न् पै फेडलं आणि गट सोडला. का सोडला, ते कुणापाशी बोलली नाही.

नव्या गटांपुढं बोलायला मला अजून बोलावतात. मी जाते. आमच्यातल्या एकाही बाईचं थकलं नाही म्हणून सांगते, समोरच्या पोरी टाळ्या वाजवतात. बरं वाटतं — खोटं कशाला बोलू? रझिया बाजारात दिसते कधीकधी. ओढणी सावरते आणि ताठ मानेनं माझ्या समोरून निघून जाते. खाली बघते ती मीच.